इंदूर मोर्समध्ये वाजवताना

तारखातं २०१३ मध्ये बंद झालं, पण हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या रेडिओवर, तारेची ती टिंबं-रेघांची मोर्स लिपी अजून जोरात चालू आहे. शिकणारे बहुतेक जण तक्ता समोर ठेवून टिंबं-रेघा उतरवत बसतात. कागदावर ते निभतं. वाजवायला लागलं की घोळ होतो तो मधल्या खंडांचा.

आपल्या इंदूरचंच नाव घ्या. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे आय, एन, डी, ओ, आर, ई:

·· −· −·· −−− ·−· ·

टिंब एक मात्रा, रेघ तीन. अक्षराच्या आत दोन खुणांमध्ये एक मात्रा थांबायचं, दोन अक्षरांमध्ये तीन, शब्दांमध्ये सात. म्हणजे हे नाव ४९ मात्रांचं, पुढच्या खंडासकट ५६. वेग मोजायला 'पॅरिस' हा शब्द धरतात, तो खंडासकट ५० मात्रांचा. मिनिटाला १२ शब्द म्हणजे एक मात्रा १०० मिलिसेकंद.

घाईत पहिला बळी जातो अक्षरांमधल्या खंडाचा. आय-एन चिकटले की ··−·, म्हणजे एफ. आर-ई चिकटले की एल. समोरचा लिहून घेतो 'एफडीओएल', आणि आपली तर एकही खूण चुकलेली नसते! म्हणून मी अक्षर २० च्या वेगानेच वाजवतो आणि खंड तेवढे ताणतो. यालाच फार्न्सवर्थ पद्धत म्हणतात. अक्षर सावकाश वाजवून शिकलं की कान टिंबं मोजायला लागतो, आणि ती खोड पुढे सुटता सुटत नाही.

सरावाच्या बझरचे सुटे भाग जेल रोडवर मिळतात. ५५५ टायमर आयसी (चिप), ९ व्होल्टची बॅटरी. पिन ४ आणि ८ प्लसला, १ मायनसला. प्लस ते पिन ७ एक किलो-ओहम, ७ ते ६ दहा किलो-ओहम. २ आणि ६ जोडून तिथून मायनसला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सूर सुमारे ६८५ हर्ट्झचा येतो. पिन ३ वरून १०० ओहम आणि १० मायक्रोफॅरडमधून स्पीकर.

मोर्सची 'की', म्हणजे दाबून खुणा वाजवायचा खटका, प्लसच्या वायरमध्ये घाला. फिल्टरचा मोठा कपॅसिटर लावलात तर बॅटरीच्या बाजूला. आयसीच्या बाजूला असला तर की सोडल्यावरही सूर रेंगाळतो आणि टिंबाची रेघ होते.

उलटंही होतं. कीचे काँटॅक्ट मळले की रेघ मध्येच तुटते, 'टी'चा 'आय' होतो. कोरा कागद दाबून ओढा. पॉलिशपेपर नको, मुलामा निघतो.