नेलेल्या रक्ताचे पुढे काय होते?

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या अभ्यासासाठी गेलो की एक प्रश्न हमखास येतो : "भाऊ, तुम्ही रक्त नेतात, पण आम्हाला कागद कधी भेटेल?" तरुण संशोधक हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने विचारतात, निष्कर्ष छापून आला की आपली जबाबदारी संपली का, असे त्यांना जाणून घ्यायचे असते. दोघांनाही माझे उत्तर एकच आहे. ज्याचे रक्त घ्यायचे त्याच्यापर्यंत निदान आणि उपचार पोचवण्याची सोय आधी झालेली नसेल, तर सुई टोचूच नये.

सिकलसेलच्या बाबतीत अर्धवट निदान तर घातकच ठरते. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली, एवढ्यावरून माणूस रुग्ण आहे की नुसता वाहक (आईबापांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेला) आहे हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी करावी लागते. वाहकाला सहसा औषधाची गरज नसते, रुग्णाला मात्र असह्य वेदना, रक्तक्षय आणि कावीळ यांना वारंवार तोंड द्यावे लागते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. हे नीट न समजावता नुसते "पॉझिटिव्ह" एवढेच पाड्यावर पसरले, तर निरोगी वाहक मुलीचे ठरलेले लग्न मोडू शकते, म्हणून अहवाल चारचौघांत वाचून दाखवणे मला मुळीच मान्य नाही.

संमतीचेही तसेच आहे. प्रश्न इथे सही-अंगठ्याचा नसतो, समजण्याचा असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निरक्षर व्यक्तीची संमती घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो. आमच्या भागात तो पावरी किंवा भिली भाषा समजणारा असावा, असा माझा आग्रह असतो. आश्रमशाळेत अधीक्षकांची एक सही घेऊन शंभर मुलांचे नमुने गोळा करणे सोपे वाटते, पण ती सही आईबापांच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. तेव्हाच्या आंध्रातील (आता तेलंगणातील) खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे २००९ साली सुरू झालेला, गर्भाशयमुखाचा कर्करोग रोखणाऱ्या एचपीव्ही लशीचा प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला, आणि वसतिगृह अधीक्षकांनी पालकांऐवजी केलेल्या सह्यांवर संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात कडक ताशेरे ओढले.

आता निष्कर्ष वापरात आणण्याविषयी. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने प्रौढ रुग्णांचे वेदनेचे झटके बरेच कमी होतात, हे अमेरिकेतील चाचणीने १९९५ सालीच दाखवले. भारतात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. मात्र हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज घ्यावी लागते आणि अधूनमधून रक्तपेशींची मोजणीही करावी लागते. इकडे दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, ती थेट होळीला परततात. मधल्या काळात अहवाल घेऊन गेलेल्या कार्यकर्त्याला घराला लागलेली कडी दिसते, आणि सुरू केलेली गोळीही तिकडे गेल्यावर बंद पडते. संशोधनाचे वेळापत्रक आखताना हे हिशेबात धरायला हवे : नमुने होळीनंतर घ्यावेत, निदानाचा अहवाल पावसाळा संपण्याआधी घरी पोचावा, आणि तोडीला निघणाऱ्या रुग्णाजवळ पुरेशा गोळ्यांबरोबर गुजरातीत लिहिलेली चिठ्ठी द्यावी, म्हणजे तिकडच्या दवाखान्यातही त्याची तपासणी होऊ शकेल.

म्हणून माझ्याकडे मतासाठी आलेल्या प्रस्तावात मी अंदाजपत्रक आधी पाहतो. अहवाल देण्यासाठीची दुसरी फेरी, आशाताईंचा मोबदला आणि दुभाष्याचा खर्च त्यात मांडलेला नसेल, तर तो मांडून प्रस्ताव पुन्हा पाठवा, असे मी संशोधकांना कळवतो.