मिरची, पाकीट आणि कायदा : आमची वाटचाल

आमच्या मामंजींचे गडहिंग्लजला मिरची कांडप होते. लोक आपली मिरची निवडून, देठ काढून, उन्हात कडक करून आणायचे आणि आम्ही ती कुटून द्यायचो. मिरची गिऱ्हाइकाची, भाजलेले खोबरे-तीळ गिऱ्हाइकाचे, मीठही त्याचेच. आमची फक्त कांडणावळ. चटणी तिखट झाली, रंग उतरला, खडा लागला, तरी विचारायला येणारा माणूस शेजारच्या गल्लीतला असायचा आणि बोलणे तिथेच मिटायचे.

२०११ साली मी आणि माझ्या धाकट्या जावेने स्वतःची कांदा-लसूण चटणी पाकिटात भरून विकायला सुरुवात केली. त्याच वर्षी ५ ऑगस्टला अन्न सुरक्षा व मानके कायदा देशभर लागू झाला आणि १९५४ चा जुना भेसळ प्रतिबंधक कायदा गेला. आमची सुरुवात आणि या कायद्याची सुरुवात बरोबरच झाली. पाकिटावर आमचे नाव-पत्ता छापला गेला, आणि ज्या गिऱ्हाइकाला आम्ही कधी पाहिलेही नाही त्याच्या ताटातल्या घासाची जबाबदारी आमच्यावर आली. ती जबाबदारी मला मोलाची वाटते. मात्र तिच्याबरोबर एक भीतीही घरात आली, आणि पहिली काही वर्षे आम्ही दोघी त्या भीतीसकटच धंदा करत होतो. दारात सरकारी गाडी थांबली की कांडपावरच्या बायका गप्प व्हायच्या. पोस्टमनने रजिस्टर पत्र आणले की पोटात गोळा यायचा.

ही भीती कमी झाली ती एका प्रकरणानंतर. ते सविस्तर सांगते, कारण आमच्यासारखे लहान उत्पादक नेमके इथेच अडकतात.

शेजारच्या तालुक्यातल्या एका दुकानातून अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी आमच्या मिरची पुडीचा नमुना घेतला. कायद्याप्रमाणे नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे) राहतात, आणि चौथा आपण मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. ही मागणी नमुना घेतानाच करायची असते. दुकानदाराला हे माहीत नव्हते, त्याने केली नाही. काही आठवड्यांनी अहवालाची प्रत आमच्याकडे आली. शेरा होता : आम्लात न विरघळणारी राख मर्यादेपेक्षा जास्त, नमुना कमी दर्जाचा.

घरात पहिला शब्द उच्चारला गेला तो ‘भेसळ’. दीर तर जेवले नाहीत. मिरची पुडीत या राखेची मर्यादा १.३ टक्के आहे आणि ती मोजते काय, तर माती आणि वाळू. मिरची जाळून उरलेली राख आम्लात टाकली की मिरचीची स्वतःची खनिजे विरघळतात, मातीचे कण खाली राहतात. रंग मिसळल्याचा किंवा भुसा घातल्याचा तो आरोप नसतो. कायद्यातही ‘कमी दर्जाचे’ आणि ‘असुरक्षित’ यांत मोठे अंतर आहे. पहिल्याला ५ लाखांपर्यंत दंड, तो न्यायनिर्णय अधिकाऱ्यासमोर ठरतो. दुसऱ्यात फौजदारी खटला आणि कैदेपर्यंत मजल जाते. हा फरक कोल्हापूरच्या आमच्या वकीलबाईंनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितला आणि त्या रात्री घर झोपले.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो अहवाल हातात कधी पडला हा. अपिलाची मुदत ३० दिवसांची. अहवाल आला त्या लिफाफ्यावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवला होता, त्यामुळे दिवस मोजता आले. दुसरा प्रश्न, त्या बॅचची नोंद आहे का. ती होती. माझी जाऊ शाळेत गणित शिकवायची, तिला वहीची सवय. कुठल्या सौद्याची मिरची, अडत्याची पावती कुठली, कधी निवडली, कधी कुटली, किती पाकिटे भरली, कुठल्या दुकानात किती गेली, हे सगळे ती पहिल्या दिवसापासून लिहीत आली आहे. प्रत्येक बॅचची दोन पाकिटे मोहोर लावून कपाटात ठेवायची पद्धतही तिचीच. त्या वहीवरून त्या बॅचची पाकिटे कुठल्या कुठल्या दुकानात आहेत ते तासाभरात कळले.

मग घरात वाद झाला. उरलेली पाकिटे परत मागवावीत असे माझे मत होते. नात्यातले एक जाणते म्हणाले, “वहिनी, माल परत घेतला म्हणजे दोष कबूल केला.” वकीलबाईंचे म्हणणे वेगळे पडले : माल परत घ्या, पत्रात ‘अहवाल आम्हाला मान्य नाही, अपील करत आहोत, केवळ खबरदारी म्हणून ही बॅच परत घेत आहोत’ एवढेच लिहा, आणि प्रत अन्न सुरक्षा कार्यालयाला द्या. कायद्यात बचावाचे एक कलमच आहे, की योग्य ती सर्व काळजी घेतली हे दाखवता आले पाहिजे. परत मागवण्याचे ते पत्र काळजीचा पुरावा ठरते, कबुलीचा नाही. आम्ही तसे केले. काही दुकानदारांनी पुढचा माल थांबवला, काहींनी उलट जास्त विश्वासाने मागवला.

अपिलात नमुना रेफरल, म्हणजे फेरतपासणीच्या वरच्या प्रयोगशाळेकडे गेला. त्यांचा अहवाल अंतिम मानतात. आकडा आला १.२. प्रकरण तिथे मिटले.

सगळ्यांनी पेढे वाटा म्हटले. मी वाटले नाहीत. १.३ च्या मर्यादेत १.२ म्हणजे काठावर उभे राहणे. वकील लढून काठावरून आत आणू शकतो, पण पुढच्या हंगामात पुन्हा तीच मिरची आली तर पुन्हा तोच काठ. माती पुडीत येते कुठून, तर वाळवणातून. हिरण्यकेशीच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत जा, रस्त्याच्या कडेला, मोकळ्या रानात मिरची पसरलेली दिसेल. वाहनांची धूळ, जनावरांचे पाय, पहाटेचे दव, सगळे तिच्यावर. त्या दवातूनच बुरशी आणि बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष, जे राखेपेक्षा कितीतरी गंभीर, कारण तिथे ‘असुरक्षित’ हा शब्द लागतो.

म्हणून आमचे कायदेशीर काम त्या वर्षापासून रानात सुरू झाले. ज्या शेतकऱ्यांकडून जवारी मिरची घेतो त्यांना ताडपत्र्या दिल्या आणि ताडपत्रीवर वाळवलेल्या मिरचीला किलोमागे जादा दर ठरवला. ब्याडगी मिरची लांबून, कर्नाटकातून येते, तिथे हे शक्य नाही; म्हणून अडत्याशी लेखी अट केली, की कुटण्याआधी आम्ही पोत्यांतून नमुना तपासणार आणि राख एक टक्क्याच्या वर गेली तर माल परत. आधी अडत्या हसला. धंद्यात तोंडाचा शब्द चालतो, वहिनी, असे म्हणाला. तोंडाचा शब्द मीही मानते. पण तपासणीचा अहवाल आला आणि त्याला पोती परत न्यावी लागली, तेव्हा कागद होता म्हणून भांडण झाले नाही. आजही आम्ही त्याच्याकडूनच घेतो.

परवाना असलेल्या उत्पादकाने सहा महिन्यांतून एकदा तरी माल तपासून घ्यावा अशी अट आहेच. आम्ही प्रत्येक मोठ्या बॅचचा करतो. खर्च होतो, आणि तो पाकिटाच्या किमतीत धरावा लागतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतातल्या नामांकित मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक वायूच्या कारणावरून कारवाई केली, तेव्हा आमच्या गिऱ्हाइकांचेही फोन आले. आम्ही निर्यात करत नाही, पण प्रत्येकाला अहवालाची प्रत पाठवता आली.

लेबलाचे काम मी स्वतःकडे ठेवले आहे. चटणीत हिंग पडतो, आणि बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. ज्या घरात एखाद्याला गव्हाचे वावडे आहे त्याला ‘हिंग’ एवढे वाचून काय कळणार? म्हणून हिंगाचे घटक आणि खाली ठळक सूचना. पाकिटावरचे ‘शुद्ध’ हे विशेषण काढले, कारण २०१८ च्या जाहिरात व दाव्यांच्या नियमांनी असे शब्द कुठे वापरावेत यावर बंधन घातले आहे. पाकिटाचा छपाईवाला म्हणाला, सगळेच लिहितात. लिहोत. काट्याची पडताळणी दरवर्षी वैधमापन विभागाकडून वेळेवर करून घेतो. नाव-चिन्ह (ट्रेडमार्क) मसाल्यांच्या ३० व्या वर्गात नोंदवले आहे. दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

आता पैशाचे. गावाकडच्या धंद्यात सगळ्यात जास्त झोप उडते ती उधारीने. दुकानदाराला पैसे मागितले की नाते तुटते, नाही मागितले की आपण तुटतो. यात कायदा आपल्या बाजूचा आहे हे बऱ्याच लहान उद्योजकांना ठाऊकच नसते. उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. २०२४ पासून तर असे थकवलेले पैसे खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून आयकरात दाखवता येत नाहीत. एका मोठ्या वितरकाच्या बिलाखाली एवढे एक वाक्य छापा असे आमच्या सीएंनी आम्हाला सांगितले आणि मार्चमध्ये त्याचा स्वतःहून फोन आला. नोंदणी मात्र माल देण्याआधीची हवी. बुडाल्यावर नोंदणी करून जुन्या बिलाला उपयोग होत नाही.

चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्याला १५ दिवसांची सवड, आणि त्यानंतर महिन्याभरात तक्रार. ‘पुढच्या महिन्यात टाका चेक’ या गोड बोलण्यात ही मुदत निघून जाते. आम्ही त्यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल पेनाने तारखा लिहितो. दरवर्षी ३१ मार्चला प्रत्येक दुकानदाराकडून बाकीच्या आकड्यावर सही घेतो. पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते आणि मुदत संपण्याआधी घेतलेल्या अशा लेखी कबुलीने ती नव्याने मोजली जाते. जुन्या पेढ्यांवर खातेवहीत सही घ्यायची रीत होतीच, ती फक्त आम्ही सोडली नाही.

कांडपावरच्या बायकांबद्दल मला मनापासून सांगायचे आहे. मिरचीच्या हंगामात आमच्याकडे वीसच्या आसपास हात असतात. दहा माणसे झाली की ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि लैंगिक छळाविरुद्धची तक्रार समिती, वीस झाली की भविष्य निर्वाह निधी. काही उद्योजक आकडा नऊवर किंवा एकोणिसावर अडवून ठेवतात, हजेरीत नावेच घेत नाहीत. मला हे धोक्याचे वाटते आणि चुकीचेही वाटते. मिरची कांडपाच्या खाली हात जाऊ शकतो, पट्ट्यात पदर अडकू शकतो. ज्या बाईचे नाव हजेरीत नाही तिला काही झाले तर तिच्या घरी आपण काय तोंड दाखवणार, आणि न्यायालयात काय सांगणार? १२,००० पगारावर ईएसआयसाठी तिचे ९० रुपये कापले जातात, आमचे ३९० जातात. सुरुवातीला मावशी लोक कुरकुरल्या. मग एकीच्या नवऱ्याचे ऑपरेशन त्याच कार्डावर झाले आणि कुरकुर थांबली. तक्रार समितीसाठी बाहेरची सदस्य म्हणून गावातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिका येतात. बायका त्यांच्याशी दार लावून बोलतात, आणि त्या बोलण्यातून आम्हाला संध्याकाळची पाळी लवकर सोडायला हवी हे कळले.

घरातला कागद सगळ्यात शेवटी झाला, कारण तो सगळ्यात अवघड. मी आणि जाऊ भागीदार. नोंदणी न केलेल्या भागीदारी संस्थेला आपल्या बिलासाठी त्रयस्थावर दावा लावता येत नाही, म्हणून १९३२ च्या कायद्याखाली नोंदणी आधीच केली होती. पण दोघांच्याच भागीदारीत एकाच्या मृत्यूनंतर संस्था आपोआप विसर्जित होते, करारात काहीही लिहिलेले असले तरी. हे वाक्य वकीलबाईंनी वाचले तेव्हा खोलीत कोणी बोलेना. आमच्या ओळखीच्या एका घराची चांगली चालणारी गिरणी याच एका वाक्यामुळे कुलूपबंद झालेली आम्ही पाहिली होती. शेवटी जाऊच म्हणाली, “वहिनी, आपण दोघी आहोत तोवरच लिहून ठेवू. आपली पोरं भांडली तर कांडपावरच्या बायकांनी कुठं जायचं?” नव्या करारात लिहिले : एकीच्या पश्चात धंदा दुसरी पुढे चालवेल, वारसांना हिश्श्याची रक्कम हप्त्याने मिळेल, किंमत सीए ठरवतील, आणि कांडपाची जागा विकता येणार नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यामुळे सध्या पगारपत्रक पुन्हा मांडणे चालू आहे. हंगामी बायकांनाही नियुक्तिपत्र द्यायचे आहे. मराठीत, त्यांना वाचता येईल अशा अक्षरात. ठराविक मुदतीच्या कामगाराला आता वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी लागते, त्याची तरतूद या वर्षीच्या हिशोबात घेतली आहे. ज्या नव्या उद्योजक भगिनींना आमची बॅचची वही, अडत्याशी केलेला करार किंवा नियुक्तिपत्राचा नमुना पाहायचा असेल त्यांनी हंगाम सोडून कधीही दुपारी यावे. जाऊ बसून समजावून देते, आणि कोरी वही सोबत आणली तर रकानेही आखून देते.