स्थिर-आकारमान वायू तापमापी, नोंद ४: रेषा −२७३ च्या खाली का जाते

बंद वायूचा दाब दोन तापमानांना मोजून त्यांतून काढलेली सरळ रेषा शून्य दाबापर्यंत वाढवली, की ती निरपेक्ष शून्याला, म्हणजे −२७३.१५ अंश सेल्सिअसला, टेकायला हवी; प्रत्यक्षात ती त्याच्याही खाली जाते. मांडणी आधीच्या नोंदींतलीच: १०० मिलिलिटरचा तांब्याचा बल्ब, आत कोरडा हेलियम, १ मिमी आतल्या व्यासाची नळी, एक व्हॉल्व्ह आणि निरपेक्ष दाब मोजणारा सेन्सर. गेज सेन्सर, म्हणजे बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवणारा, इथे चालत नाही. बल्ब वितळत्या बर्फात ठेवून १०० किलोपास्कलला व्हॉल्व्ह बंद करायचा, मग द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा. त्याचा उत्कलनबिंदू ७७.३६ केल्विन धरायचा तो १०१.३ किलोपास्कललाच; हवेचा दाब ९० असेल तर तो जवळपास १ केल्विनने उतरतो.

हिशेबाने थंड वाचन २८.३२ किलोपास्कल यायला हवं. येतं जास्त, कारण सगळा वायू थंड होतच नाही. व्हॉल्व्ह, टी-जोड (तीन तोंडांचा नळीजोड) आणि सेन्सरच्या पोकळीतला वायू खोलीच्याच तापमानाला राहतो. ही पोकळी ३ मिलि आणि खोली ३०० केल्विन धरली तर दाब २८.८७ भरतो आणि शून्य दाबाची रेषा थेट −२७५.३ अंश सेल्सिअसला टेकते! नळीचा दोष नगण्य: ३० सेंमी नळीत जेमतेम ०.२४ मिलि मावतो. म्हणून आधी टी-जोड काढा.

उरलेली पोकळी मोजायला बल्बच्या जागी सिरिंज लावा. ५ मिलिवर दाब प१ टिपा, सावकाश १० मिलिपर्यंत ओढा, अर्धा मिनिट थांबून प२ टिपा. पोकळी = (१०×प२ − ५×प१) ÷ (प१ − प२). मग प × (आ/त + पोकळी/खोलीचं तापमान) ही राशी स्थिर धरायची. आ म्हणजे बल्बचं आकारमान, त म्हणजे त्याचं तापमान. तांबंही आकसतं, ० अंशापासून ७७ केल्विनपर्यंत आकारमानात सुमारे ०.८ टक्के, त्याने रेषा आणखी साधारण ०.९ अंश खाली जाते.

हेलियमऐवजी दमट हवा भरली तर चूक उलट्या दिशेला जाते. ऑक्सिजनला विनाकारण दोष दिला जातो: ७७ केल्विनला त्याचा बाष्पदाब सुमारे २० किलोपास्कल, बल्बमधला आंशिक दाब फक्त ६, त्यामुळे तो द्रव होत नाही. गोठते ती वाफ. बर्फाच्या वाचनात तिचे ०.६ किलोपास्कल असतात, नायट्रोजनमध्ये शून्य, आणि रेषा −२७२.५ ला येते. दोन्ही चुका एकमेकींना झाकतात, तेव्हा नुसतं −२७३ आलं म्हणून मांडणी बरोबर मानू नका.

शेवटी बल्ब पुन्हा बर्फात. वाचन १०० वर परतलं नाही, वर गेलं, तर थंडीत बाहेरची हवा आत शिरली आहे. बहुधा सांधा हवाबंद करणारी रबरी कडी (ओ-रिंग) कडक होऊन सुटलेली असते. थंड भाग चांदीच्या डाकानेच जोडा. आणि थंड बल्ब वातावरणाच्या दाबाला कधीही बंद करू नका, खोलीत येईपर्यंत आतला दाब जवळपास चौपट होतो.