ईस्टरकॉनमधला एक शनिवार

ईस्टरकॉनसाठी बर्मिंगहॅम इंटरनॅशनल स्टेशनला उतरलात की चाकांच्या बॅगा ओढणाऱ्या लोंढ्यात शिरू नका. मी शिरले. तिथून विमानतळाला जाणारी छोटी गाडी फुकट आहे, म्हणून आपणही बसून घेतलं आणि थेट विमानतळावर जाऊन पोचले. परत यायला वीस मिनिटं गेली. तुम्हाला जायचंय ते बरोबर उलट्या बाजूला. स्टेशनातून छप्पर असलेल्या पुलावरून एनईसी प्रदर्शन केंद्रात शिरायचं, पलीकडे बाहेर पडून पेंडिगो तळ्याच्या कडेनं चालायचं की हिल्टन मेट्रोपोल हॉटेल. हातात सामान नसेल तर पाऊण किलोमीटर-किलोमीटरभराची रमतगमत चाल आहे.

ईस्टरकॉन म्हणजे ब्रिटनचं वार्षिक विज्ञानकथा संमेलन. ईस्टरच्या सुट्टीत, शुक्रवार ते सोमवार. दरवर्षी गाव वेगळं, भरवणारी मंडळी वेगळी आणि संमेलनाला नावही नवीन. 2019 चं सत्तरावं होतं, म्हणून त्याचं नाव ठेवलं इटर्बियम; त्या मूलद्रव्याचा अणुक्रमांक 70! असला विनोद ज्यांना आवडतो त्यांनी खुशाल यावं, आपलीच माणसं आहेत. मी गेले ते 2023 चं, नाव कॉन्व्हर्सेशन. त्यानंतरची दोन टेलफर्ड आणि बेलफास्टला झाली. 2026 साठी पुन्हा हेच हॉटेल ठरलं, म्हणून वरची वाट एवढी खुलासेवार सांगितली.

मी कोव्हेंट्रीला राहते, गाडीनं दहा-बारा मिनिटांवर. त्यामुळे मुक्काम न करता फक्त शनिवारचा, 8 एप्रिलचा, पास काढला. ही काटकसर चुकली. का, ते पुढे येईलच. पास आगाऊ काढा, तारीख जवळ येते तसा दर चढतो. आणि इथे रेल्वेवाल्यांना रूळ उखडायला ईस्टरचाच मुहूर्त सापडतो, तेव्हा आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा बघून ठेवा.

नोंदणीच्या टेबलावर बिल्ला मिळतो. त्यावर तुम्ही म्हणाल ते नाव; खरंच असायला हवं असं काही नाही. मी ‘बकुळ’ घेतलं होतं. रोमन अक्षरात ते उघडंबोडकं वाटलं, म्हणून खाली पेनानं देवनागरीत लिहिलं. दिवसभरात निदान डझनभर माणसं त्या एका शब्दामुळे बोलायला थांबली. तुम्हीही लिहा. या गर्दीत ओळख काढायला याहून सोपी युक्ती नाही.

आपल्या साहित्य संमेलनाची सवय असलेल्या माणसाला इथे आधी चुकल्यासारखं होतं. मांडव नाही, दिंडी नाही, हारतुरे नाहीत, दीपप्रज्वलनाला ताटकळलेला मंत्री नाही. सन्माननीय पाहुणे असतात (त्या वर्षी लेखक एड्रियन चायकोव्स्की, झेन चो, अर्सुला व्हर्नन वगैरे), पण तेही चहाच्या रांगेत तुमच्या मागे उभे राहू शकतात. पाहुणे सोडले तर बाकी सगळे पैसे भरून आलेले: समितीतले, पॅनेलवर बोलणारे, दाराशी बिल्ले तपासणारेसुद्धा. कामाला हात लावणाऱ्यांना मोबदला म्हणून ‘ग्रोट’ नावाच्या खोट्या नोटा मिळतात, त्या संमेलनातच खपवायच्या. माझ्या शेजारच्या मुलीनं दोन तास खुर्च्या हलवून मिळवलेल्या नोटा एका जुन्या कादंबरीवर उडवल्या.

झगमगीत पोशाख आणि नटांसोबत फोटो हवे असतील तर मात्र इथे येऊ नका. त्यासाठी कॉमिक कॉन असतं, तेही याच एनईसीत भरतं, फक्त वेगळ्या तारखांना. इथे माणसं बोलायला येतात. एका वेळी चार-पाच खोल्यांत कार्यक्रम चालू असतात आणि सगळं गाठायचा हट्ट धरला तर काहीच धड ऐकून होत नाही. मी सकाळी तीन खोल्यांत अर्धा अर्धा तास बसले आणि तिन्ही ठिकाणचा मुद्दा हुकला. दिवसाला तीन कार्यक्रम पक्के करा, बाकीचा वेळ बारजवळ आणि मार्गिकेत घालवा.

दुपारी इंग्रजीबाहेरच्या विज्ञानकथांवर एक पॅनेल होतं. चौघे बोलणारे आणि एक सूत्रसंचालिका, तीही घड्याळाबाबत निर्दय. शेवटी प्रश्नांची वेळ आली तेव्हा एक गृहस्थ प्रश्नाच्या नावाखाली भाषणच ठोकू लागले. चला, एवढं तरी आपल्यासारखं निघालं! मग मी हात वर केला. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ नावानं एक कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं, एवढं सांगितलं. लेखक होते जयंत विष्णू नारळीकर. परीक्षकांनी नाव बघून बक्षीस द्यायला नको म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून हे नाव बनवलं होतं. खोलीत हशा पिकला. तेवढ्यात मागच्या रांगेतून प्रश्न आला, “हॉयल-नारळीकर सिद्धांतातले नारळीकर?” तेच. केंब्रिजला फ्रेड हॉयल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणावर काम करणारे. गुरूही विज्ञानकथा लिहायचे, शिष्यही. विचारणाऱ्या आजोबांना सिद्धांत ठाऊक होता, कथा नव्हत्या; माझं नेमकं उलटं. आम्ही दोघं बाहेर आलो ते सहापर्यंत बारजवळच्या सोफ्यावर.

आजोबा रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ब्रिटनमधलं पहिलं विज्ञानकथा संमेलन 1937 च्या जानेवारीत लीड्सच्या थिऑसॉफिकल हॉलमध्ये झालं, पुढे मोठा विज्ञानकथालेखक झालेला एकोणीस वर्षांचा आर्थर क्लार्क तिथे हजर होता आणि आलेली सगळी मंडळी एका बसमध्ये मावली असती, हे त्यांनी मला असं सांगितलं की जणू स्वतःच सतरंज्या घातल्या होत्या. मी डब्यातली तिखटमिठाची पुरी पुढे केली. त्यांनी दुसरी मागून घेतली.

खाण्याचं सांगायचं तर डबा न्याच. हॉटेलात मिळतं, पण महाग. तळ्याला वळसा घालून रिसॉर्ट्स वर्ल्डमध्ये बरीच खाण्याची ठिकाणं आहेत. राहणार असाल तर रविवारची सोय शनिवारीच करा. ईस्टर संडेला इंग्लंडमधली मोठी दुकानं कायद्यानं बंद असतात.

पुस्तकविक्रीच्या दालनात जाताना रिकामी पिशवी आणि बजेट दोन्ही ठरवून न्या. मी फक्त पिशवी नेली. जुन्या पेपरबॅकांच्या खोक्यात हात घातला की बोटांना तपकिरी भुकटी लागते. एकावर किंमत छापलेली, 2/6, म्हणजे दोन शिलिंग सहा पेन्स. 1971 मध्ये ही मोजणीच बंद झाली. त्यावर पेन्सिलीनं आजची किंमत, चार पौंड. घेतलं.

चित्रप्रदर्शनाची पद्धत आधी समजून घ्या. चित्राखाली कागद असतो, त्यावर आपलं नाव आणि बोली लिहायची. खाली कुणी जास्त लिहिलं की पुन्हा आपण. चढाओढ वाढली तर चित्र लिलावात जातं. शाईनं काढलेल्या एका लहानशा दुर्बिणीवर मी अठरा पौंड लिहिले. चहा पिऊन आले तर खाली वीस. मी बावीस केले. रात्री पाहिलं तर पंचवीस, आणि लिलाव रविवारी! माझा पास शनिवारचा. रविवारीच बहुधा यापुढचं एखादं संमेलन कुणी भरवायचं यावर मतदान होतं, सदस्यानं नुसता हात वर करायचा. तेही हुकलं. निदान दोन दिवस काढाच.

नऊनंतर एका खोलीत फिल्क सुरू झालं. ‘फोक’ (लोकसंगीत) छापताना झालेल्या चुकीतून हा शब्द आला आणि तसाच टिकला. गोल बसायचं, पाळीपाळीनं विज्ञानकथेवरची गाणी म्हणायची. सूर लागला नाही तरी ध्रुवपद सगळ्यांनी उचलायचं. गावच्या भजनी मंडळाची हुबेहूब आठवण आली, फक्त टाळ नव्हते.

दहाला मी उठले, कारण उशिराच्या गाड्यांचा भरवसा नव्हता. आजोबा अजून त्याच सोफ्यावर. दुपारपासून ते माझ्या बिल्ल्यावरचा ‘ळ’ म्हणायच्या खटपटीत होते. आधी ‘बकुल’, मग ‘बकुर’. जीभ वर वळवून मागे न्यायची, एवढंच मी शिकवलं होतं. दारापर्यंत पोचले तेव्हा मागून मोठ्यानं हाक आली, “गुड नाइट, बकुड!”

मी तिथूनच ओरडले, “जवळ आलात!” आणि त्या ‘जवळ’चं काय करायचं, हे त्यांना सांगायला वेळ नव्हता.