आबांचा खाडा

दिवे घाटाबद्दल मी फार लिहिणार नाही. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, आणि चालणाऱ्याला घाट दिसतच नाही. पुढच्या बाईच्या डोक्यावरची तुळस आणि तिच्या भेगाळलेल्या टाचा, एवढंच दिसतं. सासवड झालं, जेजुरी झाली, वाल्हे झालं. नीरेचं स्नान झालं. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, पण मला अश्व दिसला नाही, कारण समोर एकानं पोराला खांद्यावर घेतलं होतं. मनातल्या मनात त्या पोराला मी काय काय म्हणाले ते माउलींनाच ठाऊक.

पाठीवरच्या पिशवीत आबांचे, माझ्या आजोबांचे, टाळ होते. वारीत एखादी वस्तू पहिल्या दिवशी किलोभर असते आणि आठव्या दिवशी मणभर होते. ट्रकमधल्या बोचक्यात टाकावेत असं रोज वाटायचं. टाकले नाहीत, त्यात भक्ती काही नव्हती. त्या वेळेला नेमका ट्रक सापडत नसे.

आबा कापडगिरणीत साचाखात्यात होते, म्हणजे मागांवर. माण तालुक्यातून मुंबईला आले तेव्हा मिसरूड फुटत होतं. डिलाईल रोडला गावकीची खोली, वीसेक माणसं, पाळीप्रमाणे झोपायचं. रात्रपाळीवाला परत यायच्या आत पहिल्या पाळीवाल्यानं वळकटी गुंडाळलेली असायची. आधी कित्येक वर्षं बदली, म्हणजे कुणी आला नाही तर त्याच्या जागी काम. बदलीवाल्यानं सुट्टी मागायची नसते, भोंग्याआधी गेटवर जाऊन उभं राहायचं असतं. कायम झाले तेव्हा बहिणींची लग्नं निघाली, मग खोली, मग पोरं. वारी म्हणजे अठरा-वीस दिवसांचा खाडा. तो परवडायचा नाही. आषाढीला पाळी सुटली की वडाळ्याच्या विठ्ठलाला जायचे, तीच त्यांची पंढरी.

मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. आजी दहा माणसांचे डबे करायची. त्यातले निम्मे गावी निघून गेले, उरलेल्यांकडे द्यायला पैसे नव्हते. ज्येष्ठात आबा म्हणाले, "गावाकडं जाऊन येतो, पेरणीचं बघतो." आणि गेले ते आळंदीला. आजीला कळलं आठवड्यानं, गावाहून आलेल्या माणसाकडून. "घरात पीठ न्हाय आन् ह्ये निघालं पंढरीला." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की आमच्या घरचा तो हरिपाठच झाला. माझे वडील तेव्हा दहावी झालेले. त्याच जूनमध्ये ते छापखान्यात चिकटले आणि कॉलेज राहिलं ते राहिलंच. पण बाबा त्यावर कधी काही बोलत नाहीत. आजी बोलते.

फलटण ते बरड. विडणी गेली, पिंपरद गेलं, आणि माझ्या उजव्या टाचेनं जाहीर केलं की आता बस. बूट महागातले होते, मुद्दाम वारीसाठी घेतलेले. रस्ता रुंद झालाय, सिमेंटचा झालाय, कडेची जुनी झाडं गेली. ऊन वरून लागतं तेवढंच खालूनही. सकाळी दिंडीत पांगुळाचे अभंग झाले होते आणि दुपारी मी खरोखरच लंगडत होते. रागही येत होता. फ्लेक्सवरच्या हात जोडलेल्या पुढाऱ्यांचा, कर्ण्यांचा, "माउली, इकडे बघा" म्हणत केळं देणाऱ्या मुलाचा. त्यानं मोबाईल धरलेला असताना मी केळं घेतलं आणि हसलेसुद्धा. त्याचा राग जास्त.

एका टपरीच्या आडोशाला बसून मोजा काढला. रुपयाएवढा फोड, पाण्यानं टम्म. शेजारी एक मावशी टेकल्या होत्या, जिंतूरकडच्या. पायात रबरी चप्पल, एका पट्ट्याला तार बांधलेली. त्यांनी विचारलं नाही, सरळ माझा पाय उचलून मांडीवर घेतला. मी मागे ओढला. एवढ्या वयाच्या बाईच्या मांडीवर पाय?

"काहून लाजतीस माय? पाय माउलीचाच हाय."

कमरेच्या पिशवीतून सुई काढली. दोऱ्याचं रीळही होतं, पण ते बाजूला ठेवलं. "ह्ये टेरिकॉटचं. चिरतंय. सुती पाहिजे." आणि स्वतःच्या पदराचा उसवलेला काठ बोटानं चाचपून एक धागा सरकन ओढला. काडी पेटवून सुईचं टोक भाजलं, फोडाच्या एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. दुखलं नाही. धागा आतच ठेवून दोन्ही टोकांची सैल गाठ मारली. धाग्याच्या कडेनं पाणी थेंब थेंब गळायला लागलं.

"दोरा काढू नको. कातडी बी सोलू नको. आपल्यानं वाळतंय."

मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. आबांची गाठ अशीच पटकन बसायची. ताण्यातली तार तुटली की साचा थांबायचा आणि साचा थांबला की मजुरी थांबायची, कारण पैसे कापडावर. म्हणून दोन बोटांत, न बघता, गाठ. माझ्या रिबिनी, उसवलेलं दप्तर, पुढे हाताला कंप सुटला तरी पायजम्याची नाडी, सगळं त्याच गाठीनं.

मावशींनी मग मला काम सांगितलं. मुलाला फोन लावून दे. तीनदा लावला. उचलला नाही.

"कामावर आसंल," म्हणाल्या, सुई पिशवीत खोचली आणि उठून चालू लागल्या.

बरडला समाजआरतीला मागे उभी राहिले. एवढे टाळ, एवढे पखवाज, कानठळ्या. चोपदारांनी दंड वर केला आणि एका क्षणात सगळं थांबलं. कुणाचं तरी पाकीट हरवल्याची, कुणाची तरी म्हातारी चुकल्याची सूचना ऐकू यायला लागली. आबा साच्यांच्या आवाजानं अर्धे बहिरे झाले होते. घरात ओरडून बोलायचे, नाहीतर खात्यातल्यासारखे खुणांनी. वारीबद्दल त्यांनी आम्हाला एकच गोष्ट सांगितली होती, ती या शांततेची. "समदं खातं एकदम बंद पडल्यागत," म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, ते आनंदानं सांगतायत.

नातेपुते, माळशिरस, वेळापूर एकमेकांत मिसळून गेलेत. एका रात्री राहुटीत पाणी शिरलं, एका पहाटे टँकरपाशी आंघोळीवरून मी एका बाईशी कडाकडा भांडले, आणि दुपारी तिच्याच डब्यातली चटणी खाल्ली. टाळ एकदाच काढले, भंडीशेगावच्या अलीकडे. दोन अभंगांत ताल चुकला. शेजारच्या टाळकऱ्यानं बघितलं, बोलला काही नाही. मी टाळ पुन्हा पिशवीत ठेवले.

पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेला लागले नाही, कळसाला हात जोडले. चंद्रभागेच्या वाळवंटातून आजीला फोन केला. गलका एवढा की तिला ओरडून सांगावं लागत होतं, आबांशी बोलावं तसं.

"पोचलीस?"

"पोचले."

"खाडं किती पडलं?"

"खाडा नाही गं, रजा आहे. पगारी."

पलीकडे बराच वेळ काही नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी स्क्रीन बघितला.

"चुरमुरं आन येताना," आजी म्हणाली. "आन् बत्तासं. चाळीत समद्यांना द्याया लागत्यात. त्या साली ह्यांनी आनलं न्हवतं."