तक्रार करण्याआधी दार ठरवा : शाळा कर्मचाऱ्यांसाठी माझा अनुभव

सहकाऱ्यांचे अर्ज लिहून देता देता एक गोष्ट पक्की कळली. खरी तक्रारही अडकते, आणि बहुधा चुकीच्या टेबलावर गेल्यामुळे. पगारातला फरक, ज्येष्ठता, सेवासमाप्ती यांचे रस्ते महाराष्ट्रात वेगवेगळे आहेत. शाळा खासगी अनुदानित आहे की जिल्हा परिषदेची, यावरही ते बदलतात.

खासगी शाळेत बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा बढतीत डावललं जाणं यांपैकी काही झालं, तर खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या सेवाशर्ती कायद्याच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करायचं. मुदत आदेश हाती पडल्यापासून ३० दिवस. घोळ नेमका इथेच होतो. माणूस आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज देतो, तिथून संस्थेला 'अहवाल सादर करावा' असं पत्र जातं, स्मरणपत्र जातं, आणि तेवढ्यात महिना उलटतो. पुरेसं कारण दाखवलं तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकतं, पण त्या भरवशावर राहू नये. शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज द्यायचा तर द्या, वकील मात्र पहिल्याच आठवड्यात गाठा.

काही संस्था लेखी आदेश देतच नाहीत. हजेरीपट कपाटात जातो आणि 'उद्यापासून येऊ नका' एवढं तोंडी सांगितलं जातं. त्याच दिवशी पत्र लिहा : मी कामावर हजर आहे, मला सही करू दिली नाही. मुख्याध्यापक, संस्थेचे सचिव आणि शिक्षणाधिकारी या तिघांना ते टपालाने पाठवा आणि पोच जपा. हे पत्र नसेल तर पुढे 'कर्मचारी स्वतःहून गैरहजर राहिला' असं उत्तर येतं. राजीनाम्याचंही तसंच. त्याच कायद्याच्या कलम ७ प्रमाणे तो दोन प्रतींत, दोन्हींवर सही-तारीख घालून लिहायचा असतो आणि एक प्रत नोंदणीकृत टपालाने संस्थेला जाते. रुजू होतानाच राजीनाम्यासाठी कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्यांना हे कलम ठाऊक असतं, म्हणून आपल्यालाही ठाऊक हवं.

जिल्हा परिषद शिक्षकांना हा कायदा लागू नाही. त्यांची वाट गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक), मुख्य कार्यकारी अधिकारी अशी वर जाते. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेविरुद्ध १९६४ च्या शिस्त व अपील नियमांखाली विभागीय आयुक्तांकडे जाता येतं. प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे तिकडे धाव घेऊन उपयोग होत नाही.

पगाराच्या तक्रारीत भांडण कमी आणि कागद जास्त. १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी किंवा २४ वर्षांनंतरची निवड श्रेणी अडली, तर पहिल्यांदा सेवापुस्तक उघडून बघा. प्रशिक्षणाची नोंद नाही, रजा नियमित केलेली नाही, खंडित सेवेचा आदेश चिकटवलेला नाही, अशा त्रुटी तिथेच सापडतात. अर्ज एका पानाचा ठेवा : विषय एक, मागणी एक, संबंधित शासन निर्णयाचा दिनांक आणि सोबतच्या कागदांची यादी. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टपाल शाखेतून हलू नका. पुढचं प्रत्येक स्मरणपत्र त्या क्रमांकानेच सुरू होतं. 'पुन्हा सगळं आणून द्या' असं तोंडी सांगितलं, तर कोणती त्रुटी ते लेखी मागा.

उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत लागतो. 'माझ्यावर अन्याय का झाला' असं विचारलं तर हाती काही लागत नाही. 'अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीची प्रत' मागा. फाइल कोणत्या टेबलावर थांबली ते त्यात दिसतं, आणि माझ्या मते अर्ध्याअधिक फाइली एवढ्यानेच हलतात.

लैंगिक छळाची तक्रार या साखळीतून नेऊच नका. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान शाळेसाठी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. समितीला कारण पटलं तर आणखी ३ महिने मिळू शकतात.

सेवेत असताना पगार, बढती वगैरे बाबी लोकायुक्तांच्या कक्षेबाहेर असतात. निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी) किंवा भविष्य निर्वाह निधी अडला असेल, तर मात्र निवृत्त कर्मचाऱ्याला ते दार उघडं आहे.