आठवण वर आली की तिचं काय करायचं?

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1912 साली मनोविश्लेषकांना सांगितलं होतं: समोरचा बोलत असताना काही निवडू नका, टिपणं काढत बसू नका, लक्ष सगळीकडे सारखं तरंगतं ठेवा. विपश्यनेला, म्हणजे शरीरातल्या संवेदना नुसत्या पाहण्याच्या बौद्ध ध्यानाला, बसलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. पण तेवढ्यावरून दोन्ही वाटा एकच म्हणणं घाईचं आहे. खरा फरक कळतो तो जुनी आठवण वर आल्यावर.

इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या शिबिरात सुरुवातीला आनापान, म्हणजे नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहणं. चौथ्या दिवशी विपश्यना मिळते: अंगातल्या संवेदना एकेका अवयवात क्रमाने पाहत जाणं. मग रोज तीन वेळा एकेक तास न हलता बसायचं, ते अधिष्ठान. समजा पाचव्या दिवशी, चाळिसाव्या मिनिटाला गुडघा ठणकतोय आणि वडिलांशी झालेलं जुनं भांडण डोळ्यांपुढे आलं. इथे भांडणात शिरायचंच नाही. जबडा आवळलाय, छाती तापलीय, तेवढं पाहायचं आणि क्रमाने पुढच्या अवयवाकडे जायचं. मनोविश्लेषकाच्या कोचावर बरोब्बर उलटं: त्यावरून आणखी काय आठवतं, कुठल्या शब्दाशी अडखळलात, वडिलांवरचा राग आता विश्लेषकावर निघतोय का?

मराठी माणसाचा इथे शब्दांनीही घोटाळा होतो. आपली 'वेदना' म्हणजे दुखणं. विपश्यनेतले शब्द पाली भाषेतले; तिथे वेदना म्हणजे कुठलीही संवेदना, ती सुखद असते, दुःखद असते, दोन्ही नसलेलीही असते. आपले 'संस्कार' म्हणजे दिवेलागणीला शुभंकरोती. पालीतला संखार म्हणजे मनाला जडलेली प्रतिक्रियेची सवय. ती फ्रॉइडच्या दडपलेल्या प्रसंगासारखी गोष्ट नव्हे. म्हणून 'संखार वर आला' म्हणजे 'अबोध मन उघडलं', हे समीकरण मला पटत नाही.

मूळचा अबोल माणूस 'अनिच्च, अनिच्च' (अनित्य, हेही जाईल) म्हणत राग नीट जाणवायच्या आतच पुढे सरकतो. अमेरिकन मानसोपचारक जॉन वेलवुड यांनी ही आध्यात्मिक पळवाट 1980च्या दशकात नेमकी हेरली. शिबिराहून परतल्यावर वडिलांचा फोन वाजला आणि जबडा तसाच आवळला, तर ते काम आता कुणाशी तरी बोलूनच व्हायचं. बडबड्या मनाचं वेगळं: ते आसनावर बसून खटलाच चालवतं. मनातल्या मनात युक्तिवादाची तीन वाक्यं झाली आणि श्वास कुठल्या नाकपुडीतून चाललाय हे सांगता येईना, की पाच-दहा मिनिटं आनापानावर परत यावं.

झोप उडाली, भीती थांबेना, तर दहावा दिवस गाठायचा हट्ट नको; आचार्यांना त्याच दिवशी सांगा. प्रवेशअर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, ते लपवू नका. आणि शिबिरासाठी म्हणून चालू गोळ्या परस्पर बंद करू नका.